अरुंद तोंडाचे पेव : एका पहिल्या अतिलघुकथासंग्रहाविषयी

या संग्रहात ६४ कथा आहेत. त्यांतली सर्वांत मोठी कथा दीड पानाची आहे आणि सर्वांत लहान चार ओळींची. विषय एकच, तो म्हणजे रोजची नाती: सासू आणि सून, दोन जावा, वेगळे झालेले भाऊ, नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा आणि तासगावकडच्या द्राक्षबागेत मागे उरलेला बाप, आजारी आई आणि तिचे करणारी लेक. लेखिका सांगलीच्या आहेत. नोकरी आणि घर सांभाळून त्यांनी पाच-सहा वर्षांत या कथा लिहिल्या आणि स्वतःच्या खर्चाने ११२ पानांचे हे पहिले पुस्तक छापून घेतले. प्रती मोजक्याच काढल्या असून त्या ओळखीपाळखीतून हातोहात फिरत आहेत. कथांमधली बरीच माणसे त्यांच्या नात्यागोत्यातून आलेली असल्यामुळे आपले आणि पुस्तकाचे नाव परीक्षणात येऊ नये, अशी विनंती त्यांनी केली आणि सांगलीसारख्या गावात व्याही-विहिणींच्या कानांवर शब्द किती लवकर जातो हे ठाऊक असल्यामुळे मी ती मानली. नावाशिवाय परीक्षण लिहिणे अवघड जाते. तरीही लिहायला बसलो, कारण अतिलघुकथेकडून जी अपेक्षा ठेवणे मी सोडून दिले होते ती या पुस्तकातल्या निदान वीस कथांनी पुरी केली आहे.

पहिल्या वाचनात माझ्याकडून एक चूक झाली. संध्याकाळी पुस्तक उघडले आणि रात्री पाने वाढायच्या आत संपवले. एका बैठकीत इतक्या कथा वाचल्यावर एकीतली जाऊ दुसरीतल्या नणंदेत मिसळली, दोन-तीन म्हातारे एकच वाटू लागले, आणि पुस्तक मिटताना मनात आले की, छान आहे, पण फार तेच तेच आहे. आठवड्याभराने ते पुन्हा हाती घेतले तेव्हा रोज सकाळी दोनच कथा वाचायच्या, तिसरीकडे वळायचे नाही, असा नेम केला, आणि त्या महिन्याभरात मला आधी न दिसलेले पुस्तक दिसू लागले.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सांगलीच्या बाजारात येणारी हळद साठवण्यासाठी हरिपुरात जमिनीत पेवे खणलेली असत. वरून पाहावे तर एक माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आणि खाली पोट मात्र असे फुगत गेलेले की पोत्यांमागून पोती आत जावीत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि पेवांचे दिवस बहुतांशी सरले, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात ती अजून आहेत. पेव उघडले म्हणजे कोणी लगेच आत उतरत नाही. आत कोंडलेली हवा जिवावर बेतू शकते, म्हणून तोंड मोकळे करून ते काही वेळ तसेच ठेवतात आणि मगच माणूस खाली सोडतात. या संग्रहातल्या चांगल्या कथा तशाच वाचाव्या लागतात. वाचून झाल्यावर कथा काही वेळ उघडी ठेवावी, आपण आपल्या कामाला लागावे, आणि दुपारी केव्हातरी जेवताना किंवा रस्त्याने जाताना आपोआप तिच्यात उतरणे होते.

अतिलघुकथेला आता मराठीत 'अलक' हे सुटसुटीत नाव पडले आहे. शंभर शब्दांच्या शतशब्दकथाही लिहिल्या जातात. हा प्रकार मोबाइलमुळे घरोघरी पोचला यात शंका नाही, पण मोबाइलनेच त्याला एक खोड लावली. फोनवर येणारी अलक बहुधा शेवटच्या ओळीसाठी लिहिलेली असते. आधीच्या आठ ओळी वाचकाला एका बाजूला चालवत नेतात आणि नववी ओळ त्याला हिसका देते. तो हिसका बसला की कथा संपली, पुढच्या माणसाला पाठवून द्यायची आणि विसरून जायची. एकदा वाचलेली अशी कथा दुसऱ्यांदा वाचवत नाही, कारण तिच्यात जे होते ते आपण काढून घेतलेले असते.

मराठीत थोडक्यात गोष्ट सांगण्याची रीत त्याहून जुनी आहे. याच सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी रूपककथा हा प्रकार मराठीत रुजवला. त्या कथा आकाराने लहानच होत्या, पण त्यांत निसर्गातल्या वस्तू माणसांसारख्या बोलत आणि त्यांच्या बोलण्यातून एखादे तत्त्व उजळून निघे. नात्यांपुरते बोलायचे तर मला याहून जवळची वाटते ती जात्यावरची ओवी. माहेराहून न्यायला येणारा भाऊ, वाटेकडे लागलेले डोळे, सासूचा एखादा शब्द, हे सगळे ओवीत दोन-चार चरणांत मावते, आणि तिथे शेवटी कोणी चकित होत नाही. जे घडले ते ऐकणारीला आधीच माहीत असते, कारण तिच्याही घरी तेच घडलेले असते. या लेखिकेच्या उत्तम कथा ओवीच्या घरातल्या आहेत, आणि कमकुवत कथा मोबाइलच्या. पुस्तक वाचताना हा भेद मला पानोपानी जाणवत राहिला.

संग्रहातली माझ्या मते सर्वांत सरस कथा 'फूट' ही आहे. ती सबंध कथा दोन बहिणींनी फोनवरून एकमेकींना पाठवलेल्या निरोपांची आहे. थोरली कराडला दिली आहे, धाकटी सांगलीत. आईच्या पाटल्यांवरून दोघींचे बोलणे तुटले आहे हे पहिल्या अर्ध्या वाक्यात कळते आणि त्यानंतर पाटल्यांचा उल्लेख पुन्हा येत नाही. ऑगस्ट महिना आहे. थोरली विचारते, 'किती?' धाकटी उत्तर देते, '३६.' काही तासांनी पुन्हा 'किती?' आणि उत्तर '३९.' रात्री पुन्हा तेच. मध्ये एकदा थोरली न विचारताच धाकटी आपणहून '४१' एवढेच पाठवते. पहाटे '४३.' त्यावर थोरलीचे उत्तर येते, 'ये की.' कथा तिथे संपते.

सांगलीच्या माणसाला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. १९२९ साली सुरू झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना भेटल्यावर 'आयर्विनला किती?' असे विचारतो आणि समोरचा माणूस नुसता आकडा सांगतो. ४० फूट ही इशारा पातळी आहे आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते, आणि ज्यांनी तो आठवडा पाहिला आहे त्यांच्या छातीत आजही ४० हा आकडा ऐकला की धस्स होते. लेखिकेने तळटीप दिलेली नाही, स्पष्टीकरण केलेले नाही, आणि ते अगदी योग्य केले आहे. दूरच्या वाचकाला ४० आणि ४५ माहीत नसले तरी आकडा चढतो आहे एवढे कळते. कराड वरच्या अंगाला, कोयना आणि कृष्णा जिथे मिळतात तिथे. कोयनेतून सोडलेले पाणी आधी थोरलीच्या गावावरून जाते आणि मग धाकटीच्या दारात येते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या 'किती?'मध्ये आणखी एक गोष्ट ऐकू येते. थोरलीने ते पाणी आपल्या डोळ्यांनी पुढे जाताना पाहिलेले आहे.

शीर्षकातला शब्द मापाचाही आहे आणि दुराव्याचाही, आणि तो श्लेष लेखिका कथेत कुठेही उचलून दाखवत नाहीत. पण माझा जीव खरा अडकला तो शेवटच्या 'की'मध्ये. आमच्या बाजूच्या बोलण्यात क्रियापदाला चिकटून येणारा हा 'की' फार कामाचा आहे. नुसते 'ये' म्हटले असते तर तो थोरलेपणाचा हुकूम झाला असता. 'येतेस का?' म्हटले असते तर 'नाही' म्हणायला वाव राहिला असता आणि भांडलेल्या धाकट्या बहिणीने तो नक्की घेतला असता. 'ये की' यात आर्जव आहे, हक्क आहे, आणि इतके दिवस का आली नाहीस हा थोडासा रुसवाही आहे. पाटल्यांचा तंटा मिटला का, ते आपल्याला कळत नाही. पाणी ओसरल्यावर दोघी कदाचित पुन्हा अबोला धरतील. लेखिकेने त्या दोघींना सांगलीकडचे बोलणे जसेच्या तसे दिले म्हणून ही कथा तीस-पस्तीस शब्दांत उभी राहिली. प्रमाण मराठीत ती लिहिता आली असती असे मला वाटत नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट पुस्तक वाचताना माझ्या नव्याने ध्यानात आली. नात्यांची नावे मराठीत इतकी नेमकी आहेत की अतिलघुकथेचे निम्मे काम ती नावेच करून टाकतात. 'जाऊ' म्हटले की एकत्र घर, एक सासू, दोन भाऊ, स्वयंपाकघरातल्या पाळ्या आणि थोरली-धाकटीचा मान, हे सारे एका शब्दात हजर होते. 'विहीण' म्हटले की लग्नातल्या देण्याघेण्याची आठवण आपसूक येते. या लेखिकेला ते पुरते उमगले आहे. त्यांच्या कथांत माणसांना नावे जवळजवळ नाहीतच, थोरली, धाकटी, आत्या, वन्सं, भाऊजी अशीच माणसे येतात, आणि कोणाचे कोणाशी काय नाते हे समजावण्यात एकही वाक्य खर्ची पडत नाही.

'भांडी' ही कथा त्याचे उत्तम उदाहरण आहे. पुराचे पाणी उतरल्यावर दोन जावा अंगणात गाळाने माखलेली भांडी घासत बसल्या आहेत. घर एकच, चुली दोन. दोन्ही स्वयंपाकघरांतली भांडी पाण्याने एकत्र करून टाकली आहेत आणि आता ती वेगळी करायची ती भांड्यांवर घातलेल्या नावांवरून. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव कोरून घेतात. ती बारीक ठिपक्यांची अक्षरे एरवी आपण वाचतही नाही. इथे गाळ पुसत पुसत एकेक नाव उजेडात येते. हे तुझ्या मामाने दिलेले, हे माझ्या माहेरचे, असे करत दोन ढीग होतात. मग एक पातेले निघते त्यावर सासूचे नाव आहे. ती जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. ते पातेले कोणीच आपल्या ढिगात ओढत नाही आणि कोणी दुसरीच्या ढिगातही सरकवत नाही. गॅस एकाच घरात चालू झाला आहे. त्या दुपारी दोन्ही घरांचा चहा त्या पातेल्यात होतो. एवढीच कथा आहे. अंगठ्याने गाळ पुसून अक्षर शोधण्याचे जे एक वाक्य त्यात आहे ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे २०१९ मधले आमच्या ओळखीच्या किती तरी घरांचे अंगण उभे राहिले. पुराविषयी मी पुष्कळ वाचले आहे, पण भांड्यावरच्या नावाकडे दुसऱ्या कोणाचे लक्ष गेलेले मला आठवत नाही.

'अहो' या कथेत एकाच संबोधनाचा खेळ आहे, आणि खेळ म्हटले तरी ती वाचताना घसा दाटून येतो. आईची स्मृती हळूहळू जाऊ लागली आहे. मिरजेला दवाखान्यात नेऊन आणल्यापासून लेक माहेरी येऊन राहिली आहे. एके सकाळी आई लेकीला म्हणते, 'अहो बाई, जरा पाणी देता का?' लेक सांगते, 'अगं आई, मी आहे.' दुसऱ्या दिवशी तेच. आई ओशाळते, कारण परक्या बाईने आपल्याला 'अगं' म्हणावे हे तिला कसेसेच वाटते. चौथ्या-पाचव्या दिवशी लेक पाण्याचा पेला पुढे करते आणि म्हणते, 'घ्या. कोमट आहे.' अरे-तुरेपासून अहो-जाहोपर्यंतचा आपल्या भाषेतला प्रवास हा एरवी मानाचा असतो. सुनेने सासूला 'अहो' म्हणायचे आणि आईला 'अगं', हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले आहे की त्यात काही दडलेले असेल असे वाटतच नाही. इथे पोटच्या लेकीला आईला 'तुम्ही' म्हणावे लागते, ते आईला अवघड वाटू नये म्हणून. लेखिकेने इथे एकही विशेषण वापरलेले नाही, लेकीच्या डोळ्यांत पाणी आणलेले नाही. पाणी फक्त पेल्यात आहे, आणि ते कोमट आहे.

'सामाईक भिंत' ही कथा मी सर्वांत शेवटी पुन्हा वाचली, कारण ती वाचणे मला जड गेले. गावभागातल्या वाड्याची वाटणी झाली आहे, मधोमध भिंत आहे, आणि भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. थोरला आपल्या बाजूने दिनदर्शिका टांगायला खिळा ठोकतो आहे. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला धाकट्याच्या घरात वडिलांची तसबीर लावलेली आहे, ती ठोक्यांनी हादरू लागते. धाकटा उठतो आणि थोरल्याचे ठोकणे थांबेपर्यंत तळव्याने तसबीर भिंतीशी दाबून धरतो. खिळा बसतो. दोघेही हात खाली घेतात. आमच्याही वाड्याची अशीच वाटणी झालेली आहे. माझा चुलतभाऊ भिंतीपलीकडे राहतो. आमचे भांडण नाही, पण बोलणे सणावारापुरते उरले आहे. त्याच्याकडचा पाटा-वरवंटा, रेडिओ, खोकला हे सारे मला या बाजूला ऐकू येते, आणि माझ्याकडचे त्याला ऐकू येत असणार हे मला ही कथा वाचेपर्यंत कधी सुचले नव्हते.

नात्यागोत्याबाहेरची एकच कथा मनात राहते, ती म्हणजे 'रुमाल'. हळदीच्या बाजारात पूर्वी हत्ता पद्धतीने सौदे होत. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हातात हात घेत आणि बोटे दाबून भाव सांगत. भोवतालच्यांना काही कळत नसे. पुढे उघड लिलाव आले आणि ही रीत गेली. शेतकऱ्याला काय भाव ठरला हे न कळणारी ती पद्धत गेली हे चांगलेच झाले, आणि कथेतही ते एका वाक्यात मान्य केलेले आहे. कथेतला म्हातारा व्यापारी अर्धांगाने अंथरुणाला खिळला आहे आणि त्याची वाचा गेली आहे. जन्मभर ज्याच्याशी सौदे केले तो दुसरा म्हातारा भेटायला येतो, कॉटशेजारी बसतो, खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर पसरतो. बराच वेळ तसाच जातो. तो उठून बाहेर आल्यावर मुलगा विचारतो, 'काय म्हणाले बाबा?' तो रुमालाची घडी घालत म्हणतो, 'आमचं ठरलंय.' काय ठरले ते आपल्याला अर्थातच सांगितले जात नाही. एखादी सामान्य लेखिका इथे ते सांगून बसली असती. या कथेत मला दोन पिढ्यांचा बाजार दिसला, आणि जी पद्धत दुसऱ्यांपासून भाव लपवण्यासाठी होती ती इथे दोन मित्रांच्या कामी आली, हेही लेखिकेने न बोलता दाखवले.

आता उणिवांकडे वळतो. ६४ पैकी चौदा-पंधरा कथा या संग्रहात असायला नको होत्या. त्यांत हिसक्याच्या कथा आहेत, त्या मी वर म्हटल्याप्रमाणे फोनवर वाचून झालेल्या कथांच्या बहिणी आहेत. 'मिस्ड कॉल' ही त्यांतली एक. बाप रोज रात्री नऊला मुलाला मिस्ड कॉल देतो, दोन घंटा वाजल्या की कापतो, म्हणजे 'मी बरा आहे' हे समजायचे. इथवर कथा सुंदर आहे. बाप फोन कानाशी न लावता हातात लांब धरून घंटा मोजतो, तिसरी वाजू नये म्हणून अंगठा तयार ठेवतो, हे बारकाईने पाहिलेले आहे. पण शेवटी एका रात्री फोन वाजत नाही, आणि ते पहिल्या दोन ओळींतच आपल्याला कळून चुकलेले असते. बाप मरण्यापेक्षा एखाद्या रात्री चुकून तिसरी घंटा वाजली असती आणि मुलाने फोन उचलला असता तर काय बोलले असते दोघे, ही कथा मला वाचायची होती. लेखिकेकडे ती लिहिण्याची ताकद आहे हे 'फूट' वाचल्यावर कळते, म्हणूनच चुटपुट लागते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संग्रहातले नवरे बहुतेक सगळे एकसारखे आहेत. वर्तमानपत्र वाचणारे, चहा मागणारे, बायकोच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणारे. असे नवरे नसतात असे मी म्हणणार नाही, पुष्कळ असतात. पण आई, लेक, जाऊ, बहीण यांना लेखिकेने ज्या आस्थेने आतून पाहिले आहे ती आस्था नवऱ्याच्या वाट्याला येत नाही, आणि मग त्या कथा तक्रारीच्या होतात. तक्रार खरी असली तरी कथा म्हणून ती पातळ पडते, कारण दुसरी बाजू आधीच ठरून गेलेली असते. याला 'डबे' ही एक कथा अपवाद आहे. निवृत्त नवरा बायको घरी नसताना स्वयंपाकघरातले डबे वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणून ठेवतो. ती आल्यावर दिवसभर कटकट करते की माझी लावलेली मांडणी विस्कटली. तिचा खांदा आखडला आहे, हात वर जात नाही, हे तिने त्याला सांगितलेले नाही आणि त्याने विचारलेले नाही. संध्याकाळी ती कुरकुरतच चहाचा डबा आणखी एक फळी खाली घेते. अशा आणखी तीन-चार कथा असत्या तर संग्रहातला संसार पुरा झाला असता.

कधी कधी लेखिकेचा स्वतःच्या कथेवरचा विश्वास डळमळतो. पाच-सहा कथा जिथे संपल्या आहेत त्याच्या पुढे एक वाक्य अधिक आहे, आणि त्या वाक्यात नाते, माया, ओलावा यांपैकी एखादा शब्द हटकून येतो. मी पेन्सिलीने ती वाक्ये खोडून कथा पुन्हा वाचल्या. प्रत्येक कथा सुधारली.

छपाईविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण अतिलघुकथेत छपाई ही कथेचाच भाग असते. प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू केली आहे आणि खाली जागा मोकळी सोडली आहे, हे फार चांगले. कागद किंचित पिवळसर, टंक मोठा, वयस्कर वाचकाला सोयीचा. पण चार कथांची शेवटची ओळ पान उलटून पुढच्या पानावर एकटी पडली आहे. 'अहो'ची तीच गत झाली आहे. 'घ्या' हे वाचायला पान उलटावे लागते, आणि उलटताना आपण नकळत काहीतरी मोठे घडणार अशी वाट पाहतो, जे त्या कथेच्या स्वभावाच्या अगदी उलट आहे. मुद्रकाने दोन ओळींचे अंतर थोडे कमी केले असते तर हे टळले असते. मुद्रितशोधनही नीट झालेले नाही. एका कथेत आजीच्या हातातले 'सूत' हे 'सुत' असे छापले गेले आहे, आणि सुत म्हणजे मुलगा. चारशे पानांच्या कादंबरीत ही चूक खपून गेली असती. साठ शब्दांच्या कथेत आजी वाती वळण्यासाठी हातात मुलगा घेऊन बसते, आणि कथा तिथेच मोडते. दुसरी आवृत्ती काढली तर हे आधी दुरुस्त करावे.

किंमत १५० रुपये ठेवली आहे. ती अधिक नाही. ज्यांना एका बैठकीत वाचून संपणारे पुस्तक हवे आहे त्यांना हे पुस्तक निराश करील. ज्यांच्या घरी अबोला आहे, वाटणी झाली आहे, म्हातारे माणूस अंथरुणावर आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, ते जवळचे वाटेल. सुरुवात पहिल्या पानापासून करू नये, कारण पहिल्या तीन कथा हिसक्याच्या आहेत. पान ४३ वर 'सामाईक भिंत' आहे, तिथून पुढे वाचत जावे आणि मग मागे यावे. नवी प्रत मिळणे सध्या कठीण आहे. ओळखीतल्या कोणाकडे असेल तर मागून घ्यावी आणि परत करावी.

माझी प्रत मी दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर भिंतीपलीकडे चुलतभावाकडे पाठवली होती. काय वाचावे ते सांगितले नव्हते. पंधरा दिवसांनी रिकाम्या ताटाबरोबर पुस्तक परत आले. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मला वाटले होते ते ४३ असेल. तो 'भांडी'चा होता, आणि ताट त्याच्या आईच्या नावाचे होते.